पचास की पचपन?

आजची गोष्ट लढाईतलीच आहे, पण तिच्यात गोळी सुटत नाही. नुसता आवाज आहे, आणि तो कानावर पडूनही न कळणं आहे.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या घरघरीत वायरलेसवरचे शब्द बुडून जात. त्यावर उपाय शोधायला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९४० साली एस. एस. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली एक प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे जॉर्ज मिलर या तरुणाकडे उलटं काम होतं. शत्रूचं बोलणं बुडवायचं तर गोंगाट कसा हवा, ते शोधायचं. १९४६ साली त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंध गुप्त ठेवला गेला. ऐकणं बिघडवता बिघडवता माणूस मुळात ऐकतो कसा, याच्याच मागे ते लागले.

१९५१ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह प्रयोग प्रसिद्ध केले. शब्द तोच, गोंगाट तेवढाच. दोनच शब्दांपैकी एक येणार हे ठाऊक असेल, तर माणसाला तो कळतो. हजारांतला कुठलाही येऊ शकत असेल, तर कळत नाही. वाक्यात आला तर सुटा येण्यापेक्षा सोपा. म्हणजे कान एकटा ऐकत नाही. काय येईल याचा अंदाज त्याला अर्धी वाट चालून भेटतो.

हे मी फार उशिरा वाचलं. कॅप्टन असताना राजस्थानात सराव होता, मे महिना. मदुराईचा आमचा ऑपरेटर सेटवर म्हणाला, “पॉइंट पचास, पानी चाहिए.” सकाळपासून माझ्या डोक्यात पंचावन्न घोळत होता. मी ‘पचपन’ ऐकलं. टँकर भलतीकडे गेला आणि दोन जवानांना ऊन लागलं. ते वाचले. ऑपरेटरचं हिंदी कच्चं, असं मी तेव्हा सरळ सांगून टाकलं, आणि ते खोटं होतं. तो स्पष्टच बोलला होता.

त्यानंतर आकडे एकेक सुटे सांगायचे, ‘फाइव्ह झिरो’, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे, हा नियम मी कधी मोडू दिला नाही. १ मार्च १९५६ पासून विमानवाहतुकीत लागू झालेली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमालाही अशाच गरजेतून आली: मोजकेच शब्द, एकमेकांपासून लांबचे.

आणि तोफखान्याशी बोलताना ‘रिपीट’ म्हणायचं नाही, बरं का. त्याचा अर्थ तोच मारा पुन्हा करा. म्हणायचं ‘से अगेन’. घरी फोनवर नीट ऐकू आलं नाही की अजून माझ्या तोंडून तेच येतं, आणि बायको हसते.