पगारातून पैसे कापले, पण भरलेच नाहीत तर? पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कराचं गणित

महिनाअखेरीला हातात पगाराची स्लिप येते. त्यात 'पीएफ', 'ईएसआय', 'पीटी' अशा नावांखाली काही रक्कम कापलेली दिसते. बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात आणि स्लिप बाजूला ठेवतात. पण कापलेले पैसे योग्य खात्यात पोहोचले नाहीत, तर त्याचा फटका काही वर्षांनी बसू शकतो. त्यामुळे कोणती कपात कशासाठी होते आणि त्यात मालकाची जबाबदारी काय, हे माहीत असायला हवं.

एका पगाराचं उदाहरण

समजा, महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात ३० कामगार आहेत. त्यातल्या एका पुरुष कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये होतात. इतर भत्ते नाहीत.

त्याच्या पगारातून होणारी कपात अशी:

- पीएफ (१२ टक्के): १,८०० रुपये
- ईएसआय (०.७५ टक्के): ११३ रुपये
- व्यवसाय कर: २०० रुपये

म्हणजे हातात येतात १२,८८७ रुपये.

आता मालकाची बाजू. त्याला पीएफचे आणखी १,८०० रुपये स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. त्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि ५५० रुपये पीएफ खात्यात. ईएसआयचा त्याचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ४८८ रुपये. शिवाय विमा आणि प्रशासकीय शुल्क मिळून साधारण १५० रुपये. थोडक्यात, १५,००० रुपये पगाराचा कामगार मालकाला महिन्याला सुमारे १७,४३८ रुपयांना पडतो.

मालकाला स्वतःचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही.

कोणाला काय लागू होतं?

पीएफ साधारणपणे २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. ईएसआयसाठी ही संख्या बहुतेक ठिकाणी १० आहे आणि पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये.

व्यवसाय कराचा हिशेब वेगळा आहे. हा कर राज्य सरकारचा आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. दिल्ली आणि हरियाणात तो लागतच नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार तो एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

महाराष्ट्रात १०,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषांचे महिन्याला २०० रुपये कापले जातात. फेब्रुवारीत मात्र ३०० रुपये. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, अशी ती २,५०० ची बेरीज जुळते. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही.

महत्त्वाचं म्हणजे, मालक हा कर कापायला विसरला तरी तो भरण्याची जबाबदारी त्याचीच राहते.

मुदत कधीची?

पीएफ आणि ईएसआयचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. पगारावर टीडीएस कापला असेल, तर तो साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. मार्चच्या टीडीएससाठी ३० एप्रिलपर्यंत मुदत असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे. कर्मचाऱ्याने राजीनामा दिला किंवा त्याला काढलं, तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचा आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ पगार कमी दाखवून पीएफ वाचवण्याची पळवाट अरुंद झाली आहे.

पैसे भरलेच नाहीत तर?

पीएफ थकवला तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं आणि त्यावर दंडही. कामगाराचा वाटा पगारातून कापून भरला नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. कारण ते पैसे मालकाचे नसतातच, कामगाराच्या वतीने त्याच्याकडे ठेवलेले असतात.

कामगाराचं नुकसान मात्र लगेच दिसत नाही. आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी ईएसआयच्या सहा महिन्यांच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचे हप्ते भरलेले लागतात. ते नसतील तर नेमक्या गरजेच्या वेळी अर्ज अडकतो.

कर्मचाऱ्याने काय तपासावं?

- यूएएन वापरून पीएफचं पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी बघावं. उमंग ॲपवरही ते दिसतं.
- स्लिपवरची कपात आणि पासबुकातली नोंद जुळते का, ते पाहावं.
- टीडीएस कापला असेल, तर आयकर पोर्टलवर त्याची नोंद आहे का, ते बघावं.
- पगाराच्या सगळ्या स्लिपा जपून ठेवाव्यात. कपात झाली होती, याचा तोच पुरावा असतो.

नोंद दिसत नसेल तर आधी कंपनीला लेखी विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर पीएफसाठी ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर आणि ईएसआयसाठी महामंडळाच्या जवळच्या कार्यालयात तक्रार करता येते. एक-दोन महिन्यांची थकबाकी लवकर लक्षात आली तर वसुली सोपी जाते. कंपनी बंद पडल्यावर तेच काम कितीतरी अवघड होतं.