बारा बोअरची एकनळी

बंदूक घ्यायची म्हणजे आधी परवाना, मग पैसा आणि सगळ्यात शेवटी बंदूक. आमच्या भागात निदान हाच क्रम होता. त्यामुळं आमच्या घरातल्या पहिल्या बंदुकीची गोष्ट सांगायची तर ती दुकानापासून नाही, कायद्यापासून सांगावी लागते.

इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होता. 1857 चा धसका त्यांच्या मनातून गेलेला नव्हता. तोवर पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यात भिंतीला टांगलेल्या तलवारी-बंदुका असायच्या, त्या परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा झाला. गोऱ्यांना सूट, आपल्या लोकांना परवाना. कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना मात्र इंग्रजांनी सूट दिली आणि ती आजही चालू आहे, त्यांच्या घरात बंदुकीची पूजा होते. आपल्याकडं तसं काही नव्हतं. शेतकऱ्याच्या हातात राहिली ती गोफण.

गोफणीनं पाखरं उडतात. रानडुक्कर हलत नाही. हरणाचं तर नावच नको, ते गोफणीचा दगड पडला की चार उड्या मारून लांब उभं राहतं, आपली पाठ फिरली की परत हरभऱ्यात.

आता मोशीत उभं राहून हरणाची गोष्ट सांगितली तर पोरं हसतात. पुणे-नाशिक रस्त्याला लागून टोलेजंग इमारती, मागं कचरा डेपो, पुढं चाकणचे कारखाने. पण आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात इंद्रायणीपलीकडचं माळरान असायचं, कुसळी गवताचं आणि बाभळीचं, त्यात ससे, तितर आणि चुकून कधी हरणं. खरी हरणं होती ती पूर्वेला, शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या कोरड्या पट्ट्यात. तिथलं हरीण म्हणजे चिंकारा. अंगानं शेळीएवढं, वीस-बावीस किलोचं, पाण्यावाचून दिवस काढणारं. काळवीट आणखी पुढं, नगर-सोलापूरकडं. आमची आत्या सुप्याकडं दिलेली होती आणि तिच्या हरभऱ्यामुळंच आमच्या घरात बंदुकीचा विषय निघाला.

विषय काढला तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी. साल 1966 असावं. मी पाच वर्षांचा होतो, त्यामुळं पुढचं बरंचसं मी तात्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे, तेही अनेकदा. आमचं घर माळकरी. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, मध्ये आम्ही. आजीनं सरळ सांगितलं, "अरं, गळ्यात माळ असणाऱ्याच्या घरात बंदूक? उद्या वारीत कुणी इचारलं तर काय सांगू?" तात्या म्हणाले, "आई, शिकारीला नाही, राखणीला घेतोय." आजोबा काहीच बोलले नाहीत. गप्प बसले म्हणजे होकार, असं तात्यांनी धरलं.

राखणीचा मुद्दा तात्यांनी उगीच काढला नव्हता. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 सालचा, तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्यात शेतकऱ्याच्या कामाची एक तरतूद आहे. पिकाच्या राखणीसाठी खरोखर गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीच्या बंदुकीनं भागणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. स्वसंरक्षण किंवा शिकार-खेळासाठी बंदूक हवी तर नळी 20 इंचांहून आखूड नको. कोकणात अजून कितीतरी घरांत शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्या या वाटेनं आलेल्या. रायफल हा विषय गरिबाचा नव्हताच.

सातबारा, तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा जबाब, फौजदाराची चौकशी. तात्यांनी चपला झिजवल्या. एका कचेरीतल्या कारकुनानं अर्ज तीनदा परत केला, प्रत्येक वेळी वेगळ्या कारणानं. चौथ्या वेळी तात्या कांद्याची पिशवी घेऊन गेले. असो.

परवाना हातात पडल्यावर खरा प्रश्न आला, कोणती घ्यायची?

सगळ्यात स्वस्त ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, मागं केप बसवायची. दारू स्वस्त, छर्रे घरी ओतता येतात. पण एक बार झाला की दुसरा भरेस्तोवर जनावर पुढच्या शिवारात. पावसाळ्यात दारू सर्दावते, घोडा पडतो, केप फुटते आणि नुसता फुस्स आवाज येतो. डुकरापुढं असं झालं तर माणसाला झाड शोधावं लागतं. तात्यांनी ठासणीची नको म्हणून अर्जातच लिहिलं होतं, डुकरांचा उपद्रव दाखवून.

दुसरी जुनी विलायती दुनळी. पुण्यात एका दुकानात तशी एक होती, कुणा संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून आलेली म्हणे. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, दस्ता अक्रोडाचा, चांदीच्या पट्टीवर कोरीव हंस. दुकानदार भाव उतरवायला तयार. तात्यांबरोबर आत्याचे यजमान गेले होते, ते लष्करातून पेन्शनीत आलेले. त्यांनी ती नक्षी बघितली आणि बंदूक खाली ठेवली.

हे नक्षीचं प्रकरण वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. जुन्या काळी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, घणानं सांधून नळी करायचे. त्या पिळाची ती नक्षी. दिसायला देखणी, पण ती नळी काळ्या दारूसाठी केलेली. नंतरच्या काडतुसात बिनधुराची दारू आली, तिचा दाब वेगळा. जुन्या पिळाच्या नळीत नवं काडतूस घातलं आणि सांध्यात आतून गंज असला तर नळी फाटते, आणि फाटते ती डाव्या हाताशी. पेन्शनर म्हणाले, "तात्या, ही भिंतीला लावायला घ्या. पिकाला नको." दुकानदाराला राग आला. पण त्या माणसानं तात्यांचा हात वाचवला असं मी समजतो. स्वस्त म्हणून जुनी बंदूक घेणाऱ्यांनी नळीवरचे ठसे आधी वाचावेत, हंस मागाहून बघावा.

राहिली एकनळी. त्यातही दोन जाती. बिहारमधल्या मुंगेरला बंदुका घडवण्याचा जुना धंदा, मीर कासिमनं अठराव्या शतकात तिथं कारखाना काढला तेव्हापासूनचा, तिथल्या परवानाधारक कारागिरांची बंदूक सगळ्यात कमी पैशात मिळायची. दुसरी सरकारी, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची. थोडी महाग, वजनाला जड, घोडा ताठ, पण नळीची तपासणी झालेली. विलायती नवी एकनळी मिळायची, तिची किंमत ऐकूनच तात्या दुकानाबाहेर आले होते.

बोअरचा घोळ वेगळाच. बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले की त्यातला एक गोळा जेवढ्या नळीत बसेल ती नळी. सोळा बोअर म्हणजे सोळा गोळे, म्हणून नळी बारीक. आकडा वाढला की नळी लहान होते, हे गावात कुणाला पटायचं नाही. सोळा बोअरची एक हलकी बंदूक दुकानात बाराच्या निम्म्या भावानं होती. तात्यांचं मन तिच्यावर बसलं. पेन्शनरांनी विचारलं, "काडतूस कुठं मिळंल?" पुण्यात एखाद्या दुकानी, तेही असलं तर. बारा बोअरची काडतुसं मात्र आमच्या दारात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनायची, शक्तिमान नावाची. खडकीचा कारखाना 1869 चा. मोशीहून सायकलवर जाता येईल अशा ठिकाणी काडतूस तयार होतंय आणि आपण सोळा बोअर घ्यायची, याला काय अर्थ? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बंदूक एकदाच घ्यायची असते, काडतूस दर हंगामाला.

शेवटी ईशापूरची बारा बोअर एकनळी ठरली. घेताना पेन्शनरांनी केलेल्या तपासण्या तात्या मला पाठ म्हणून दाखवायचे. बंदूक मोडून नळी उजेडाकडं धरायची, आत गोल कड्या सरळ एकात एक दिसल्या पाहिजेत, एखादी वाकडी दिसली तर नळीला पोचा आहे. बंद करून दस्ता हातात धरून हलवायची, खुळखुळ नको. डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे, माशी समोर दिसली तर बंदूक आपल्या अंगाची, मान वाकवून शोधावी लागली तर दुसऱ्याची. तात्या बुटके, त्यांना दस्ता लांब पडत होता. पुढं गावच्या सुतारानं तो बोटभर कापून दिला. नळीचं तोंड आवळतं किती, तेही बघायचं. फार आवळती नळी पाखराला चांगली, मोठ्या छर्ऱ्याला वाईट, छर्रे एकमेकांवर घासून वाकडेतिकडे जातात.

पैसे जवळजवळ एका चांगल्या बैलाएवढे गेले. चाकणच्या बाजारातली एका मोसमाची कांद्याची पट्टी त्यात विरघळली आणि माझ्या वडिलांनी पुढं दोन वर्षं तात्यांशी शेताच्या कामापुरतंच बोलणं ठेवलं. नांगराला दुसरा बैल हवा होता, त्या जागी नळी आली, हा त्यांचा राग. मला तो राग आजही खोटा वाटत नाही.

हरणासाठी एलजी काडतूस. बारा बोअरच्या त्या काडतुसात हरभऱ्याहून मोठे असे सहाच्या आसपास छर्रे असतात. एसजीत आठ-नऊ, जरा लहान. सशा-तितराला चार किंवा सहा नंबर. एकनळीचं असं की एकच काडतूस आत, त्यामुळं काय दिसणार ते आधी ठरवून बसावं लागतं. आणि एलजी झालं तरी तीस पावलं, फार तर पस्तीस. त्यापुढं छर्रे इतके पसरतात की एखादाच लागतो आणि जनावर जखमी होऊन कुठंतरी दोन दिवसांनी मरतं. माझा एक भाचा अमेरिकेत इलिनॉयला आहे. तो सांगतो, तिथं सपाट मुलूख आणि जवळजवळ घरं, रायफलची गोळी मैलभर जाते, म्हणून तिथं बरीच वर्षं हरणाला रायफल चालतच नव्हती, छर्ऱ्याच्या बंदुकीतून एकच जाड गोळी मारायची. आपल्याकडं ती निवड कायद्यानं आणि खिशानं केली, तिकडं शेजाऱ्याच्या काळजीनं.

मुंबई राज्यानं 1951 सालीच वन्यप्राण्यांसाठी कायदा केला होता, शिकारीला वेगळा परवाना लागायचा. तात्यांनी तो काढला होता, हे मुद्दाम लिहितो, कारण त्या काळात जीपमधून रात्री प्रकाशझोत टाकून हरणं मारणाऱ्या शहरातल्या हौशी मंडळींना कुणी काही विचारत नव्हतं. एका रात्री पाच-सात हरणं टपावर टाकून न्यायचे. चिंकारा आणि काळवीट संपत आले ते आत्याच्या हरभऱ्यामुळं नाही.

1971 च्या सुगीआधी मी तात्यांबरोबर सुप्याला गेलो होतो. दहा वर्षांचा होतो, पाण्याची फिरकी माझ्या खांद्यावर. पहाटे हरभऱ्याच्या बांधाला बसलो. सहा हरणं आली. माद्यांनाही शिंगं असतात, पण बारीक आणि सरळ. नराची जाड, वळ्यांची. नर सत्तर पावलांवर थांबला. तात्यांनी बंदूक उचलली नाही. सूर्य वर आला, पाय बधिर झाले, हरणं खात राहिली, पीक आत्याचं जात राहिलं. शेवटी नर वळून बांधाकडं आला तेव्हा बार झाला. बाकीची पाच क्षणात दिसेनाशी झाली. तात्यांनी जवळ जाऊन बघितलं आणि पहिलं काय केलं, तर डोक्यावरची टोपी काढली. मटण आत्याच्या गोठ्यापाशी, तीन दगडांवर शिजलं. मोशीला त्यातलं काही आणलं नाही. आजीनं तात्यांना दारातच आंघोळ घातली, तेवढंच.

1972 ला दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. चिंकारा आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तात्यांची ती पहिली आणि शेवटची हरणाची शिकार. कायदा आला ते बरं झालं असं ते म्हणायचे, पण पुढं जोडायचे, "आता हरभऱ्याचं काय, ते बी लिवाया पायजे होतं." नुकसानभरपाई यायला बराच काळ गेला. रेहेकुरीला काळविटांसाठी 1980 ला अभयारण्य झालं. सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारांसाठी 1997 ला झालं, पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचं. योगायोग असा, की त्याच 1997 साली मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. हरणांना रान मिळालं आणि आमचं रान शहराचं झालं.

बंदूक मात्र घरात होती. दर निवडणुकीला पोलीस चौकीत जमा करायची, पावती जपायची, निकालानंतर परत आणायची. नूतनीकरणाला दरवेळी पीक संरक्षण हे कारण लिहायचं, आणि पीक तर गुंठ्यागुंठ्यानं विकलं जात होतं. 2018 च्या 15 ऑगस्टला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं, कागद तिकडं गेले. तिथल्या साहेबांनी चुलत भावाला सभ्यपणे विचारलं, "कोणतं पीक?" भावाकडं तेव्हा बारा खोल्यांची चाळ होती, भाड्यानं दिलेली.

तात्या गेल्यावर वारसांपुढं दोनच वाटा होत्या, कुणीतरी स्वतःच्या नावे परवाना काढायचा किंवा बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडं द्यायची. चौघा भावांत कुणी तयार झालं नाही. विक्रेत्यानं नळी उजेडाकडं धरून बघितली, कड्या अजून सरळ होत्या. दस्ता कापलेला म्हणून त्यानं भाव पाडला. जे आले ते चौघांत वाटले, माणशी एका बकऱ्याचेही झाले नाहीत.

आत्याचा नातू सुप्याला अजून हरभरा करतो. हरणं येतात, आता जास्तच येतात. तो बांधाला जुन्या साड्या बांधतो, रात्री डबा वाजवतो, आणि नुकसान झालं की मोबाईलवर फोटो काढून वनखात्याकडं पंचनाम्याचा अर्ज टाकतो. मागच्या वर्षीचे पैसे यायला त्याला आठ महिने लागले.