शिस्त : नेमबाजीची रायफल आणि तिची निवड



मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी बंदुकीचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटले असेल. त्याचा खुलासा एका शब्दात आहे. 'शिस्त' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ होता नेम. 'शिस्त धरणे' म्हणजे बंदूक लक्ष्यावर रोखणे. पुढे हाच शब्द वागणुकीच्या नियमबद्धतेसाठी रूढ झाला आणि त्याचा पहिला अर्थ मागे पडला. अचूक नेमबाजीसाठी माणसाने कोणती रायफल निवडली आणि का निवडली, या इतिहासात हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात. आजचे विवेचन त्या सांध्यापुरते मर्यादित आहे.

ज्या रायफलीला 'बोल्ट अ‍ॅक्शन' म्हणतात, तिची रचना दाराच्या सरकत्या कडीसारखी असते. मूठ उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत शिरते आणि मूठ खाली वळवली की कडी बसते. ड्रायझे या जर्मन कारागिराने सिद्ध केलेली या जातीची बंदूक प्रशियाने १८४१ मध्ये आपल्या सैन्यासाठी स्वीकारली. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात तिचा प्रभाव दिसला. ऑस्ट्रियन शिपायाच्या हाती ठासणीची रायफल होती, ती भरण्यासाठी त्याला उभे राहावे लागे. प्रशियन शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या पुन्हा बार भरू शकत होता. म्हणजे कडीच्या रायफलीचा जन्म अचूकतेसाठी नव्हे, तर वेगासाठी झाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

अचूकतेचा शोध त्या काळी वेगळ्याच वाटेने चालला होता. १८६० च्या जुलैत विम्बल्डनच्या माळावर इंग्लंडच्या राष्ट्रीय रायफल संघटनेचा पहिला मेळावा भरला. राणी व्हिक्टोरियाने टेकूवर घट्ट बसवलेली व्हिटवर्थ रायफल झाडून त्याचे उद्घाटन केले आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या केंद्रापासून अवघ्या सव्वा इंचावर गोळी लागली. ही रायफल ठासणीचीच होती. तिचे मर्म भरण्याच्या सोयीत नव्हते, षट्‌कोनी पोकळीच्या काटेकोर नळीत होते.

१८७४ चा प्रसंग याहून बोधप्रद आहे. न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश नेमबाजांकडे ठासणीच्या रिग्बी रायफली होत्या, तर अमेरिकनांकडे मागून भरण्याच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली आणि ठासणीचे युग संपले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. परंतु त्या सामन्यात मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक गोळी अगदी केंद्रात मारली होती, फक्त ती शेजारच्या लक्ष्यावर. केंद्रवेधाला ४ गुण होते, त्याला शून्य मिळाला. हार ३ गुणांची झाली. रिग्बी रायफल तेथे हरली नव्हती. शिस्त चुकली होती, आणि या वाक्यात तो शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतो आहे.

कडीच्या रायफलीला अचूकतेचा मान मिळवून देण्याचे मोठे श्रेय पाउल माउझरकडे जाते. त्याच्या १८९८ च्या नमुन्यात कडीचे दोन भक्कम दात पुढच्या टोकाशी, काडतुसाच्या लगत अडकतात. मागे तिसरा दात सुरक्षेसाठी असतो. ब्रिटिशांच्या ली-एनफील्डमध्ये हे दात मागच्या बाजूला होते. त्यामुळे ती झपाट्याने चालवता येई. कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. दाब पडताच तिची कडी किंचित लवत असे. हीच पॉइंट थ्री-नॉट-थ्री पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि अनेक दशके आपल्या पोलिसांच्या खांद्यावर राहिली. वेग हवा असेल तर ली, ताठरपणा हवा असेल तर माउझर, अशी ही निवड होती. पुढच्या बहुतेक मोठ्या पल्ल्याच्या लक्ष्य-रायफलींनी पुढच्या दातांची पद्धत पत्करली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यांनी स्वयंभरणाच्या बंदुका घेतल्या. वेगासाठी जन्मलेली कडी वेगाच्या शर्यतीत मागे पडली, पण नेमबाजीच्या मैदानावर टिकली. स्वयंभरणाची यंत्रणा अडखळू नये म्हणून तिच्या भागांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. कडीची रायफल घट्ट बसवता येते आणि प्रत्येक बाराला काडतूस त्याच जागी, त्याच दाबाने धरते. शिवाय प्रत्येक बारानंतर हात थांबतो, श्वास सावरतो.

मग निवड कशी करावी? पहिली परीक्षा नळीची. ती जाड असावी, म्हणजे बार होताना तिचा कंप कमी राहतो. आतील आट्यांचा पीळ गोळीच्या लांबी-वजनाला साजेसा असावा. पॉइंट टू-टूच्या रायफलीत साधारणतः १६ इंचांत एक फेरा असतो. दुसरी परीक्षा दस्त्याची. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि नळीवर दाब आणते. म्हणून नळी दस्त्याला न टेकता मोकळी राहावी आणि यंत्रणा मात्र पक्क्या बैठकीत बसावी. तिसरी परीक्षा चापाची. तो हलका असावा आणि दर वेळी एकाच बिंदूवर सुटावा. चौथी परीक्षा अंगाची. दस्त्याची लांबी आणि गालाचा आधार नेमबाजाच्या देहाला जुळावा, त्याने मान वाकडी करून रायफलीला जुळू नये. शेवटची परीक्षा काडतुसांची. एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतही फरक पडतो. म्हणून जाणते नेमबाज रायफल शिकंज्यात बसवून प्रत्येक घाणा पारखतात. नाव पाहून रायफल घेणाऱ्याने हे विसरू नये की ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. या प्रकारात गाजलेल्या आन्शुट्झ घराण्याने १८५६ मध्ये जर्मनीत कारखाना काढला, महायुद्धानंतर उल्म येथे तो नव्याने उभारला आणि १९५४ मध्ये सिद्ध केलेल्या यंत्रणेवर कित्येक दशके लक्ष्य-रायफली घडवल्या.

आपल्या बडोद्याचा या इतिहासाशी संबंध आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी सामान्य भारतीयाच्या हातून शस्त्र काढून घेतले. गांधीजींनीही त्या कायद्याचा निषेध केला होता आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात मागितला. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वाढलेल्या मराठी घराण्यातील हे गृहस्थ खेडा सत्याग्रहापासून गांधीजींचे अनुयायी होते आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. अहिंसेच्या उपासकाने रायफल संघटनेचे अध्यक्षपद घ्यावे, यात अनेकांना विसंगती दिसते. मला दिसत नाही. सभागृहात प्रत्येकाला पाळी देणारा आणि मैदानावर चापावरचे बोट आवरणारा, दोघेही शक्तीला नियमाच्या कह्यात ठेवत असतात.

त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा पुढे असंख्य नेमबाजांची पहिली पायरी ठरली. २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. दोघांचीही शस्त्रे पॉइंट टू-टूची, जातकुळी तीच जुनी कडीची.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी छात्रसेनेत पॉइंट टू-टू हाताळली असेल, त्यांना कडी बसल्यानंतरची ती क्षणभराची स्तब्धता आठवत असेल. ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो, त्यांनी मुलांना शिकवले ते त्या क्षणात काय करावे हेच. चांगली रायफल निवडता येते, विकतही घेता येते. शिस्त मात्र ज्याची त्यालाच धरावी लागते.