ग्रेलिस्टिंग

ग्रेलिस्टिंग ही स्पॅम, म्हणजेच नको असलेले ईमेल, प्राप्तकर्त्याच्या इनबॉक्सपर्यंत पोहोचण्यापूर्वी मेल सर्व्हरवरच अडवण्याची एक पद्धत आहे. अनोळखी ठिकाणाहून आलेला ईमेल पहिल्या खेपेस न स्वीकारता थोड्या वेळाने पुन्हा पाठवण्यास सांगणे, हे तिचे सूत्र होय. काळ्या यादीतील प्रेषकास नकार मिळतो, पांढऱ्या यादीतील प्रेषकास थेट प्रवेश. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही तो मधल्या करड्या रंगाचा, म्हणून हे नाव. इव्हान हॅरिस यांनी २००३ साली ही पद्धत मांडली.

कार्यपद्धती

मेल सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपी या प्रोटोकॉलने संवाद साधतात. मजकूर येण्याआधीच पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, प्रेषकाचा पत्ता व प्राप्तकर्त्याचा पत्ता या तीन गोष्टी कळतात. हे त्रिकूट पूर्वी नोंदलेले नसल्यास ४५१ सारखा, ४ ने सुरू होणारा संकेतांक दिला जातो. ५ ने सुरू होणारा संकेतांक म्हणजे कायमचा नकार; ४ ने सुरू होणारा म्हणजे तात्पुरती अडचण. नियम पाळणारा सर्व्हर अशा वेळी ईमेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. स्पॅम पाठवणाऱ्या अनेक प्रोग्रॅमना मात्र असंख्य पत्ते झपाट्याने उरकायचे असतात. ते रांग ठेवण्याच्या फंदात पडत नाहीत.

हॅरिस यांच्या मूळ मांडणीत ही प्रतीक्षा १ तासाची होती. पोस्टग्रे या साधनात ती सामान्यतः ३०० सेकंदांची असते. एकदा पार झालेले त्रिकूट लक्षात ठेवले जात असल्याने पुढील ईमेल विनाविलंब पोहोचतात. मजकूर वाचलाच जात नाही, त्यामुळे तो मराठीत आहे की इंग्रजीत, याने काहीच फरक पडत नाही.

मर्यादा

विलंब हीच या पद्धतीची खरी किंमत आहे. काही मिनिटांतच बाद होणारा ओटीपी ईमेलने येणार असेल, तर तो हाती पडेपर्यंत निरुपयोगी ठरतो. मोठ्या ईमेल सेवा दुसरा प्रयत्न वेगळ्याच आयपी पत्त्यावरून करतात, तेव्हा प्रतीक्षा नव्याने सुरू होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी आयपी पत्त्याचे पहिले तीनच भाग ताडून पाहतात किंवा अशा सेवांना आधीच सूट देतात. सदोष रचनेचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नसेल, तर प्रामाणिक प्रेषकाचाही ईमेल पोहोचत नाही.

ताब्यात घेतलेल्या खऱ्या मेल सर्व्हरवरून येणाऱ्या स्पॅमपुढे ग्रेलिस्टिंग दुबळे आहे, कारण तो सर्व्हर रांग ठेवतोच. तरीही मधल्या वेळात तो एखाद्या सार्वजनिक काळ्या यादीत नोंदला गेला, तर दुसऱ्या खेपेस त्याला अडवता येते. या पद्धतीच्या वापराविषयीच्या शिफारशी २०१२ साली आरएफसी ६६४७ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाल्या.