पियानो : निर्माते व निवड

नामांकित पियानो-कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असून त्यांतील बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहेत. न्यूयॉर्कचा स्टाइनवे, बर्लिनचा बेखश्टाइन व लाइपसिकचा ब्ल्यूथ्नर हे तिन्ही १८५३ या एकाच वर्षी निघाले. व्हिएन्नाचा बोझेंडॉर्फर (१८२८) त्यांच्याहून जुना. जपानचे यामाहा व कावाई हे दोघेही हामामात्सूचे. कावाईचे संस्थापक कोइची कावाई आधी यामाहाकडेच कामाला होते. इटलीचा फात्सिओली सर्वांत धाकटा (१९८१).

८८ पट्ट्या जवळजवळ सर्वांकडे सारख्याच. नादात फरक पडतो तो बराचसा लाकडामुळे. स्टाइनवे कठीण मेपलचे पातळ थर एकमेकांना चिकटवून ग्रँडची वळणदार कड एकसंध वाकवतो. या ताठ कडेमुळे कंप ध्वनिफलकातच राहतात आणि त्याचा २७४ सेंमी. लांबीचा ‘डी’ ऑर्केस्ट्रालाही पुरून उरतो. बोझेंडॉर्फरच्या कडेत ध्वनिफलकाचेच स्प्रूस वापरलेले असते, त्यामुळे पेटीचे सगळे अंगच बोलते. सूर गोल, जरा मऊ. त्याच्या इम्पीरियलला ९७ पट्ट्या असतात. खर्जाच्या जादा पट्ट्या काळ्या रंगवतात, नाहीतर वादकाची नजर चुकते. ब्ल्यूथ्नरची युक्ती सतार ऐकलेल्यांना लगेच उमजेल : वरच्या सप्तकांत सुराच्या तीन तारांजवळ एक चौथी तार ताणलेली असते. तिला हातोडी लागत नाही. तरफेसारखी ती आपसूक झंकारते. फात्सिओलीचा सर्वांत मोठा ग्रँड ३०८ सेंमी. भरतो, मुंबईच्या बहुतेक इमारतींत तो जिन्यातच अडेल.

यामाहाचा सूर स्वच्छ व लखलखीत. त्याची खरी मातबरी सातत्यात आहे : एकाच नमुन्याच्या दोन वाद्यांत फारसा फरक सापडत नाही. कावाईचा आवाज थोडा उबदार. लाकूड दमट हवेत फुगते म्हणून ॲक्शनचे (पट्टीचा दाब हातोडीपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचे) काही भाग प्लॅस्टिकचे करण्याचे धाडस त्याने १९७०च्या दशकापासून केले. त्यावर नाके मुरडली गेली. पण पावसाळ्यात अडकलेली पट्टी ज्याने बोटाने उचलून पाहिली आहे, तो मुरडणार नाही.

झाकणावरचे नाव आणि कारखाना यांची सांगड आता सैल झाली आहे. बोझेंडॉर्फर २००८पासून यामाहाच्या मालकीचा आहे. स्टाइनवेने आखलेले ‘बॉस्टन’ पियानो कावाई तयार करतो. काही जुनी जर्मन नावे तर विकत घेऊन भलत्याच देशातल्या वाद्यांवर चिकटवलेली आढळतात. म्हणून अनुक्रमांकावरून वाद्य कुठले व कोणत्या साली बनले हे काढावे, मगच किमतीचे बोलावे.

आडवा ग्रँड घ्यावा की उभा अपराइट, हेही ठरवावे लागते. ग्रँडची हातोडी स्वतःच्या वजनाने खाली येते. शिवाय पियानो-निर्माता एरारने १८२१ साली पेटंट घेतलेल्या रचनेमुळे पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. अपराइटला ही सोय नाही. मात्र दीड मीटरच्या ‘बेबी ग्रँड’पेक्षा १३१ सेंमी. उंचीच्या अपराइटचा खर्ज पुष्कळदा भरदार लागतो, कारण खर्जाला तारेची लांबी लागते. दिवाणखान्याची शोभा हवी असेल तर गोष्ट वेगळी.

जुने वाद्य पाहताना झाकण उघडून हातोड्यांचा नमदा तपासावा. तारांनी त्यात खोल चरे पाडले असतील, तर सूर टणक व पत्र्यासारखा येतो. तारांचा गंज डोळ्यांना दिसतो. खुंट्या सैल झाल्या आहेत का, हे ट्यूनरच सांगू शकतो. खुंट्या सूर धरत नसतील, तर नाव कितीही थोर असो, वाद्य घेऊ नये. मुंबई-गोव्याच्या हवेत रोजच्या रियाजासाठी घ्यायचा, तर कावाई किंवा यामाहाचा १२० सेंमी.हून उंच अपराइट हा सर्वांत निर्धोक सौदा होय. नव्या तारा पहिल्या वर्षी ताणत राहतात, त्यामुळे त्या वर्षात तीन-चारदा सूर लावून घ्यावा लागतो. पुढे वर्षातून दोनदा पुरते.