सत्यशोधकांची सोबत

नवा विचार सांगणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. त्या विचाराप्रमाणे वागू लागलेल्या साध्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न मात्र आम्ही क्वचितच विचारतो. सांगणाऱ्यावर टीका होते, ती तो लेखणीने परतवतो. वागणाऱ्याच्या मुलीचे लग्न अडते, सोयरे पाठ फिरवतात. अशा वेळी त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, यावर त्या विचाराचे आयुष्य ठरते. याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. ते याच पुणे शहरात आहे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. देव आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, हे त्याचे मुख्य तत्त्व. ऐकावयास हे तत्त्व सोपे आहे. पण त्या काळी गावच्या जोशाचा हक्क वतनी असे. त्याला बोलावले नाही, तरी दक्षिणा मागण्यास तो येत असे. त्यातच धर्मकृत्य बिघडले तर वंशाचे वाटोळे होईल, ही धास्ती लोकांच्या मनात खोल बसलेली होती. म्हणून पुरोहितावाचून लग्न लावणे म्हणजे धर्म, जात आणि वतन या तिन्ही सत्तांशी एकदम वैर घेणे होते.

तरीही समाज स्थापन झाल्यावर तीनच महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह झाला. दुसरा विवाह ७ मे १८७४ रोजी झाला. त्यातील वर हडपसरचे ग्यानोबा कृष्णाजी ससाणे. हे लग्न होऊ नये म्हणून विरोध झाला, नातलगांना भीती घालण्यात आली. पण जोतीराव, सावित्रीबाई आणि समाजाची मंडळी मागे हटली नाहीत, आणि लग्न पार पडले. आपल्या लग्नाला कोणी येणार नाही, या भीतीने माणूस वाकतो. मांडव माणसांनी भरला की ती भीती निम्मी होते. समाजाने प्रथम केले ते हेच.

येथे आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. १८७५ साली, म्हणजे ज्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली त्याच वर्षी, स्वामी दयानंद या शहरात आले. त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा सनातनी मंडळींनी दंगा केला, चिखलफेकही झाली. वेदप्रामाण्य न मानणारे जोतीराव आपल्या अनुयायांसह त्या मिरवणुकीत रानड्यांच्या जोडीने चालले. ज्याचे मत आपल्याला पटत नाही, त्यालाही ते निर्भयपणे सांगता आले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. केवळ आपल्याच पंथाच्या माणसाला सांभाळणे ही गटबाजी झाली. जोतीरावांची दृष्टी त्याहून मोठी होती.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. सत्यशोधकांनी ठिकठिकाणी मदतीचे काम उभारले. सावित्रीबाई जुन्नर तालुक्यातील ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी तेथून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भुकेने गाव सोडून जाणारी माणसे, सावकारांची अरेरावी, आणि खोट्या आळावरून पकडले गेलेले पन्नास सत्यशोधक असे सारे त्यात आहे. सावित्रीबाईंनी कलेक्टरास सरळ जाब विचारला, त्याने त्या मंडळींना सोडून दिले आणि उपाशी लोकांसाठी ज्वारीच्या गाड्याही पाठविल्या. ज्या काळी स्त्रीने घराबाहेर बोलणे हाच गुन्हा मानला जाई, त्या काळी एक स्त्री आपल्या सहकाऱ्यांच्या सुटकेसाठी सरकारी अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविण्यात आला. तेथे जेवणाऱ्या मुलाला त्याच्या घरचे कोणत्या समाजाचे, हे विचारले जात नव्हते.

ओतूरशी जडलेले नाते पुढे उपयोगी पडले. १८८४ साली तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्न भटजीवाचून लावले, आणि जोशांनी हक्क बुडाला म्हणून दावा गुदरला. कोर्टाचा खर्च आणि हेलपाटे कुणब्याला पेलणारे नव्हेत. तो एकटा असता तर त्याने दक्षिणा देऊन प्रकरण मिटविले असते, आणि पुढच्या दहा घरांनी त्यावरून धडा घेतला असता. पण त्याच्यामागे समाज होता. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत लढविले गेले आणि १८९० साली निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. जून १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तकही काढले होते. त्यामुळे कोणाही खेडुताला विधी स्वतः करता येऊ लागला.

४ फेब्रुवारी १८८९ रोजी जोतीराव-सावित्रीबाईंचा मुलगा यशवंत याचे लग्न झाले. वधू होती ग्यानोबा ससाण्यांची मुलगी! ज्यांच्या लग्नापाठीमागे फुले दांपत्य उभे राहिले, तेच त्यांचे व्याही झाले. पुढे १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळच ससाण्यांच्या मळ्यात डॉ. यशवंतांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी तेथे उचलून आणले. मूल वाचले, पण त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

जोतीरावांच्या मागे चळवळ काही काळ मंदावली. १९११ साली कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने तिला नवे बळ आले. मधली वीस वर्षे ती तगली ती अशा घरांच्या आधारावर. तत्त्वे ग्रंथात टिकतात हे खरे, पण ती जगतात मांडवात, कोर्टाच्या पायरीवर आणि रोग्याच्या उशाशी. आज कोणी आपल्या श्रद्धेपायी किंवा अश्रद्धेपायी एकटा पडला, तर त्याच्या दारी आपण जाणार की नाही, हा प्रश्न या इतिहासाने आमच्यापुढे ठेवला आहे.