वळिवडे येथील पोलिश वसाहत

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत 1943 ते 1948 या काळात वसलेली निर्वासितांची छावणी. महायुद्धानंतर पोलंडवर साम्यवादी अंमल लादला गेल्याने पुढे बहुतांशी स्वदेशाला कायमची पारखी झालेली पोलिश माणसे येथे राहत होती.

सप्टेंबर 1939 मध्ये जर्मनी व सोव्हिएट रशिया यांनी पोलंड वाटून घेतल्यावर पूर्वेकडील मुलखातील लाखो माणसे सैबीरिया व कझाकस्तानात हद्दपार झाली. 1941 मध्ये हिटलरने रशियावरच चाल केल्यामुळे त्यांची मुक्तता झाली, आणि पोलिश जनरल अँडर्स यांच्या फौजेबरोबर जे इराणात पोहोचले, त्यांपैकी सुमारे 5,000 जण पुढे वळिवड्यास आले. पुरुष आघाडीवर असल्याने वसाहतीत स्त्रिया व मुलांचाच भरणा होता. कौलारू बराकींच्या रांगांतून चर्च, रुग्णालय व बालवीर पथके उभी राहिली, आणि शाळांतून स्वभाषेत शिक्षण चालू राहिले, कारण आज ना उद्या घरी परतावयाचे हे गृहीतच होते.

परंतु त्या घराचे भवितव्य तिकडे परस्पर ठरत होते. जुलै 1944 मध्ये रशियन फौजेच्या आश्रयाने साम्यवाद्यांच्या ‘लुब्लिन समिती’ची स्थापना झाली. फेब्रुवारी 1945 च्या याल्टा परिषदेत पूर्वेकडील मुलूख रशियास देण्याचे ठरले आणि मुक्त निवडणुकांचे केवळ अभिवचन मिळाले. 5 जुलै 1945 रोजी ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील पोलंडच्या निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली. गृहरक्षणाचे खाते व गुप्त पोलीस आधीच साम्यवाद्यांच्या हाती असल्याने विरोधकांची धरपकड, उमेदवारांची नावे रद्द करणे आणि मतमोजणीत फेरफार हे सर्व सुकर झाले, व 19 जानेवारी 1947 च्या निवडणुकीत शासनपुरस्कृत आघाडीस 80 टक्के मते मिळाल्याचे जाहीर करण्यात आले. विरोधी शेतकरी पक्षाचे नेते मिकोवायचिक त्याच वर्षी परदेशी निसटले; डिसेंबर 1948 मध्ये समाजवादी पक्ष साम्यवादी पक्षात विलीन करण्यात आला. निवडणूक, आघाडी, मंत्रिमंडळ ही लोकशाहीची सारी रूपे शाबूत ठेवून तिचा प्राण हरण केला गेला.

वळिवड्याच्या बहुतेकांची गावे आता पोलंडच्या सरहद्दीबाहेर गेली होती. काही जण मायदेशी परतले. बरेचसे ब्रिटन व अन्य देशांत विखुरले. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांना आसरा मिळाला, व तेथेच आजचे गांधीनगर वसले. पोलिश वसाहतीचा स्मृतिस्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.